डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या ग्रांटा: तालुक्याच्या कॉलेजातून लिहिलेला रिव्ह्यू

फ्रिजचा रिव्ह्यू असतो, मिसळीचा असतो, एक रात्र राहिलेल्या होमस्टेचा पण असतो, पण डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या, म्हणजे गरिबी, शेती, शिक्षण असल्या विषयांवरच्या रिसर्चला पैसे (ग्रांट) देणाऱ्या संस्थांचा रिव्ह्यू मराठीत कोणी लिहिलेला मला तरी दिसला नाही. म्हणून हा. मी इकॉनॉमिक्स शिकवते, कॉलेजचं नाव सांगत नाही, मराठवाड्यात आहे एवढं पुरे. स्वतःचे, मैत्रिणींचे, ज्युनियर पोरापोरींचे प्रपोजल वाचायचे, बजेट जुळवायचं, नापास झाले की सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा, हे बरीच वर्षं चालू आहे. आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच, "मॅडम, मी अप्लाय करू शकतो का?"

तर माझं उत्तर ठरलेलं आहे. जाहिरातीत काय लिहिलंय ते नंतर बघू, आधी सांग पैसा कुणाच्या खात्यात येणार.

कारण ग्रांट माणसाला मिळतच नाही हो. आयडिया तुमची, फॉर्मवर नाव तुमचं, मे महिन्याच्या उन्हात घरोघरी फिरणार तुम्ही, पण करारावर सही प्राचार्यांची नाहीतर रजिस्ट्रारची आणि पैसा संस्थेच्या खात्यात. म्हणजे पात्रता दोघांची तपासली जाते, तुमची आणि तुमच्या संस्थेची, आणि माझ्या बघण्यात जेवढे अर्ज अडकले त्यातले बहुतेक दुसऱ्या पायरीवर अडकले. पीएचडी आहे, पेपर आहेत, विषय झकास आहे, पण कॉलेजच त्या यादीत बसत नाही. झालं, विषय संपला.

आता एकेक घेते. सगळ्यात आधी आपली सरकारी, आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद. दिल्लीतली, १९६९ ला सुरू झालेली, आणि मराठी माणसाने तिच्याबद्दल जरा हक्काने बोलायला हरकत नाही कारण पहिले अध्यक्ष आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. पश्चिम विभागाचं केंद्र पण मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसवर जे. पी. नाईक भवनातच आहे. म्हणजे घरचं कार्य आहे असं समजून आपण जातो. आणि दारात विचारतात, तुम्ही रेग्युलर आहात का?

इथेच खरी गोम आहे. मेजर किंवा मायनर प्रोजेक्टसाठी प्रोजेक्ट डायरेक्टर व्हायचं तर साधारण असं लागतं: पीएचडी हवी, सोशल सायन्सचा नियमित प्राध्यापक हवा, आणि ज्या संस्थेत आहात ती यूजीसीच्या मान्यतेतली हवी, म्हणजे कॉलेजवाल्यांच्या भाषेत टू-एफ आणि ट्वेल्व्ह-बी दोन्ही असलेली (यूजीसी कायद्याची कलमं, पहिलं मान्यतेचं, दुसरं केंद्राच्या अनुदानाला पात्र असल्याचं), किंवा विद्यापीठ, किंवा आयसीएसएसआरची स्वतःची संशोधन संस्था, किंवा राष्ट्रीय महत्त्वाची संस्था. रिटायर झालेले नियमित प्राध्यापक पण करू शकतात, फक्त कुठल्यातरी पात्र संस्थेने त्यांना आपल्या छत्राखाली घ्यायला पाहिजे. आणि एक गंमत, मी बघितलेल्या नियमांमधे पंचवीस वर्षं नोकरी झालेले वरिष्ठ सरकारी आणि लष्करी अधिकारी पण अर्ज करू शकतात, त्या विषयाची जाण दाखवली तर.

आता महाराष्ट्रातलं चित्र बघा. कॉलेजात शिकवणारे कितीतरी जण सीएचबीवर, तासिका तत्त्वावर. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेलं, पीएचडी झालेली, दहा दहा वर्षं शिकवतायत, पण कागदावर "नियमित" नाहीत. मे महिन्यात पगार नाही, म्हणजे ज्या महिन्यात फील्डवर्क करायचं त्याच महिन्यात खिसा रिकामा. असा माणूस आयसीएसएसआरच्या प्रोजेक्टचा डायरेक्टर होऊ शकत नाही. निवृत्त ब्रिगेडियर साहेब होऊ शकतात का ते मला नक्की सांगता येणार नाही पण चालू नोकरीतले कर्नल साहेब मात्र होऊ शकतात, आणि ज्याने गेल्या दहा वर्षांत हजारभर पोरांना दारिद्र्यरेषा म्हणजे काय ते शिकवलं तो नाही. मला अधिकाऱ्यांबद्दल राग नाही, त्यातले काही फार चांगलं लिहितात, पण हे गणित मला काही केल्या पटत नाही.

बरं, विनाअनुदानित कॉलेजवाल्यांचं अजून वेगळं. टू-एफ असतं, ट्वेल्व्ह-बी नसतं. ऑफिसातल्या बाबूंना विचारलं तर तेही सांगतात "आहे की मॅडम, नॅकच्या तपासणीच्या वेळी दिलं होतं", आणि फाइल उघडली की टू-एफचं पत्र निघतं. त्यामुळे प्रपोजलची पहिली ओळ लिहायच्या आधी ते पत्र डोळ्यांनी बघा. झेरॉक्स घरी आणून ठेवा.

आयसीएसएसआरचं चांगलं काय? विषयाची मोकळीक. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळा, बचत गटांचं कर्ज, पीक विमा, स्थलांतर, काहीही घ्या, तुम्हाला कोणी सांगत नाही की प्रयोगच करा किंवा अमुक देशातलाच डेटा हवा. मराठीत प्रश्नावली केली तर कुणाला काही वाटत नाही. बजेटचे हेड ठरलेले असतात, रिसर्च स्टाफ, फील्डवर्क, पुस्तकं-उपकरणं, किरकोळ, त्यामुळे नवख्याला पण बजेट करता येतं. वाईट काय तर कागद. हप्त्याहप्त्याने पैसे, प्रत्येक हप्त्याला प्रगती अहवाल, खर्चाचा हिशोब आणि यूसी (पैसा ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला), ते पण सरकारी जीएफआर बारा-ए फॉर्मातच, सीएच्या सहीचं. आणि आधीचा प्रोजेक्ट अर्धवट टाकलेला असेल तर तुम्ही डिफॉल्टर, नवीन अर्ज विसरा. हे एक मला बरोबर वाटतं खरं तर.

एका ठिकाणी (कुठे ते नको) माझ्या ओळखीच्या बाईंचा शेवटचा हप्ता इतका रखडला की एन्युमरेटर (घरोघरी प्रश्नावली भरून घेणाऱ्या) पोरांचे पैसे त्यांनी घरातून दिले. पोरं त्यांचीच विद्यार्थी, रोज कॉलेजात समोर येणार, काय सांगणार त्यांना, दिल्लीहून आले नाहीत? तर बजेट करताना फील्डच्या पोरांचा पैसा पहिल्या दोन हप्त्यांत संपेल असा बसवा, रिपोर्टचं टायपिंग-बाइंडिंग शेवटच्या हप्त्यावर टाका. हे कुठल्याच गाइडलाइनमधे लिहिलेलं नसतं.

माझे स्टार: रेग्युलर असाल तर पाचपैकी साडेतीन. सीएचबीवर असाल तर द्यायचे कसले, दुकानात शिरूच देत नाहीत.

आता दुसरं टोक, जे-पॅल. गरिबीवरच्या संशोधनाचं केंद्र, अमेरिकेतल्या एमआयटीत २००३ ला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लइनाथन यांनी काढलेलं. २०१९ चं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं तेव्हापासून आपल्याकडे पोरांना हे नाव तोंडपाठ आहे, आणि एमएच्या वर्गातला प्रत्येक हुशार मुलगा एकदा तरी येऊन विचारतो की जे-पॅलची ग्रांट कशी मिळते. पद्धत त्यांची एकच, रँडमाइज्ड ट्रायल (आरसीटी). म्हणजे शंभर गावं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून पन्नास गावांत योजना द्यायची, पन्नासात नंतर, आणि फरक मोजायचा.

तर अर्ज कोण करू शकतं? अॅफिलिएट प्रोफेसर, म्हणजे जे-पॅलच्या यादीतले प्राध्यापक. आणि त्यांनी "इन्व्हायटेड रिसर्चर" म्हणून बोलावलेले लोक. अॅफिलिएट व्हायला फॉर्म नसतो, आतल्यांनी नाव सुचवावं लागतं. म्हणजे सोयरीक मध्यस्थामार्फतच, परस्पर गेलात तर पाणी पण विचारणार नाहीत. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, त्यांचं लॉजिक मला कळतं. ट्रायल बिघडली तर पैसा जातो आणि लोकांच्या आयुष्याशी खेळ होतो, त्यामुळे ज्याचं काम आधी बघितलंय त्यालाच द्यायचं. पण मग जाहिरात सगळ्या जगाला का दाखवता?

पीएचडीच्या मुलांसाठी एक खिडकी आहे आणि ती खरोखर चांगली आहे. तुमच्या थीसिस कमिटीवर अॅफिलिएट (किंवा बोलावलेला रिसर्चर) असेल आणि त्याने पत्र दिलं तर प्रवासाची आणि पायलटची (छोट्या चाचणी अभ्यासाची) छोटी ग्रांट मागता येते. आपली मुलं परदेशात पीएचडीला जातात, त्यातल्या दोघीतिघींना मी हेच सांगितलं, की अॅडमिशन घेताना रँकिंग बघता तसं हे पण बघा की डिपार्टमेंटात जे-पॅलवालं कोण आहे, कारण तिसऱ्या वर्षी सोलापूर नाहीतर नंदुरबारला येऊन सर्वे करायचा असेल तर तिकिटाचे पैसे तिथूनच येतात. शिकागो विद्यापीठातून चालणारा वाइस फंड आहे, डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्ससाठीच काढलेला, त्याचं पण वळण असंच, तुम्ही कुठल्या विद्यापीठातून येता यावर बरंच काही. हार्वर्डात असलात तर दार उघडं, औरंगाबादला (बरं बाबा, छत्रपती संभाजीनगरला) असलात तर आधी हार्वर्डवाला पार्टनर शोधा.

आणि एक सल बोलूनच टाकते. बालसखीचा अभ्यास आठवतो? मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळा, अभ्यासात मागे राहिलेली मुलं वेगळी बसवून वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी त्यांना शिकवायची, प्रथम या मुंबईच्याच संस्थेचा कार्यक्रम. बॅनर्जी, कोल, डुफ्लो, लिंडेन यांचा तो पेपर २००७ ला आला आणि आज जगभर शिकवतात. शाळा आपल्या, पोरं आपली, बालसखी आपल्या, कार्यक्रम चालवणारी संस्था आपली. पेपरवरच्या चार नावांत मुंबईच्या एकाही कॉलेजातला मास्तर नाही. अभ्यास उत्तम होता, प्रथमला त्याचा उपयोग झाला, यात वादच नाही. पण ग्रांटला कोण अर्ज करू शकतं हा प्रश्न फॉर्मपुरता नसतो, पुढे पेपरवर कुणाचं नाव येतं ते तिथेच ठरतं. हल्ली जे-पॅलने पण स्थानिक संशोधकांना बोलावण्याचं प्रमाण वाढवलंय, हे मान्य करायला पाहिजे, चेन्नई-दिल्लीतलं त्यांचं साउथ एशियाचं ऑफिस २००७ पासून आहे आणि तिथे रिसर्च असोसिएट म्हणून काम केलेली पोरं पुढे चांगली चमकली.

ती आरएची (रिसर्च असोसिएटची) नोकरी, तेवढ्यासाठी पाच स्टार. एमए झाल्याझाल्या ग्रांटच्या मागे लागण्यापेक्षा ती नोकरी करा. स्टाटा (डेटाचं सॉफ्टवेअर) शिकाल, सर्वे कसा फसतो ते बघाल, आणि शिफारसपत्र मिळेल ज्याच्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

एनजीओवाल्यांचा पण प्रश्न असतो. "आमची संस्था वीस वर्षं मेळघाटात काम करते, आम्हाला मिळेल का?" एकट्याला नाही. अशा बहुतेक ठिकाणी तुम्ही अंमलबजावणी करणारा भागीदार असता, मुख्य संशोधक दुसरा कोणीतरी पीएचडीवाला हवा. योजनांचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासांना पैसे देणारी थ्रीआयई म्हणून एक आहे, २००८ पासून, त्यांचं दिल्लीत ऑफिस आहे, तिथे उलटीकडून पण तेच, संशोधकाला अंमलबजावणी करणारी संस्था दाखवावी लागते. म्हणजे दोघांनी एकमेकांना शोधायचं. आणि एनजीओवाल्या दादा-ताईंना माझं सांगणं, पत्र देताना फुकट देऊ नका, तुमच्या माणसांचा पगार, गाडीचं डिझेल, तुमच्या ऑफिसचा खर्च त्यांच्या बजेटात लिहून घ्या. प्रोफेसर लोक हे विसरतात, मुद्दाम नाही, पण विसरतात.

या दोन टोकांच्या मधली आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेली म्हणजे आयजीसी, इंटरनॅशनल ग्रोथ सेंटर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ऑक्सफर्ड मिळून चालवतात, २००८ पासून, पैसा ब्रिटिश सरकारचा. इथे यादीत नाव असायची अट नाही, कुठल्याही देशातला संशोधक प्रपोजल पाठवू शकतो, आणि आरसीटीच करा असा हट्ट पण नाही, जुना सरकारी डेटा घेऊन बसलात तरी चालतं. त्यांना एकच गोष्ट पाहिजे, ती म्हणजे हे उत्तर सरकारात कुणाला हवंय का. म्हणजे प्रपोजलमधे नुसतं "धोरणकर्त्यांना उपयुक्त ठरेल" लिहून भागत नाही, कुठलं खातं, कुठला अधिकारी, त्याच्याशी बोललात का, हे विचारतात. आपल्याकडच्या लोकांची हीच तर ताकद आहे की! झेडपीचे सीईओ, कृषी अधिकारी, डीडीआर (जिल्हा उपनिबंधक), तहसीलदार, कुणाला तरी आपण ओळखतोच, निम्मे तर आपलेच माजी विद्यार्थी. लंडनमधल्या माणसाला त्या भेटीसाठी तीन महिने लागतात. पण अडचण अशी की भारतात त्यांचं काम बिहारवर जास्त राहिलंय, महाराष्ट्राचा विषय घ्यायचा तर तो बाकी राज्यांना का लागू होतो ते पटवावं लागतं. जमतं ते. रोजगार हमीचा विषय घ्या, महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुरू केली, कायदा १९७७ चा, आणि देशाला २००५ मधे. लागू होतंच.

लंडनच्याच सीईपीआर या अर्थशास्त्रज्ञांच्या संस्थेचे दोन कार्यक्रम, पीईडीएल आणि स्टेग. पीईडीएल म्हणजे गरीब देशातले उद्योगधंदे, कंपन्या, छोटे कारखानदार यावरचं संशोधन, तिथे छोटी "एक्सप्लोरेटरी" ग्रांट चाळीस हजार पौंडापर्यंत असायची. स्टेग म्हणजे अर्थव्यवस्थेच्या रचनेतले बदल आणि वाढ, तिथे पीएचडीवाल्यांसाठी वेगळी ग्रांट, पंधरा हजार पौंडापर्यंत. दोन्हीकडे पीएचडी झालेले किंवा करत असलेले कुठल्याही देशातले अर्ज करू शकतात असं सरळ धोरण, ओळखीची अट नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावर, कोल्हापूरच्या फाउंड्रीवर काम करणारं कोणी असेल तर असले कॉल शोधत राहा.

पण आता कटु बातमी. हा सगळा पैसा ब्रिटनच्या परकीय मदतीच्या बजेटातला. ते बजेट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ ला ०.५ वर आणलं आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार असं २०२५ मधे जाहीर केलं. अमेरिकेचं तर विचारूच नका, यूएसएड ही त्यांची परकीय मदतीची सरकारी संस्थाच २०२५ मधे गुंडाळली, त्याबरोबर त्यांची डीआयव्ही म्हणून जी खिडकी होती, २०१० ची, जिथे जगातली कुठलीही संस्था अर्ज करू शकायची, ती पण तिथून गेली. म्हणजे ज्या दारांवर "कोणीही या" लिहिलं होतं तीच आधी बंद व्हायला लागली आणि "फक्त सदस्यांसाठी"वाली चालू आहेत. गंमतच आहे.

आणि समजा परदेशी ग्रांट मिळाली. पेढे वाटले. मग येतं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा.

हा भाग नीट वाचा कारण प्रपोजलच्या वेळी कोणी सांगत नाही. परदेशी संस्थेचा देणगी-अनुदान स्वरूपाचा पैसा भारतात घ्यायचा तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. २०१० चा कायदा, २०२० मधे अजून आवळला. आता पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या वर नाही, आधी पन्नास होता. आणि सगळ्यात मोठा फटका म्हणजे एका संस्थेने आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरए असलं तरी नाही. आधी कसं व्हायचं, दिल्ली-चेन्नईची मोठी संस्था ग्रांट आणायची आणि फील्डचा भाग जिल्ह्यातल्या कॉलेजला किंवा एनजीओला पोटअनुदान म्हणून द्यायची. त्यात कॉलेजचं नाव लागायचं, अनुभव मिळायचा, पुढच्या अर्जात लिहायला काहीतरी मिळायचं. ते बंद. आता मोठी संस्था स्वतःच पोरं नेमते आणि सर्वे करून जाते, आपण त्यांना चहा पाजतो आणि जेवायची चांगली खानावळ दाखवतो.

नवीन नोंदणी काढायची तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने स्वतःच्या कामावर किमान पंधरा लाख खर्च केलेले हवेत. शिक्षण संस्थांना हे आकडे जड नाहीत, पण अध्यक्ष साहेबांना "परदेशी पैसा" म्हटलं की घाम फुटतो, नको ती चौकशी मागे लागेल म्हणून. त्यांचं पण अगदीच चूक नाही, दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या नामांकित संस्थेची नोंदणी आधी स्थगित आणि मग जानेवारी २०२४ मधे रद्द झालेली सगळ्यांनी वाचलीय. दुसरा रस्ता आहे तो पूर्वपरवानगीचा, ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रक्कम ठरावीक कामासाठी. आणि ज्या संस्था केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने झाल्यात आणि ज्यांचं ऑडिट कॅगनेच करायची सक्ती आहे त्यांना सूट आहे. तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का ते वित्त व लेखा विभागाला लेखी विचारा. तोंडी विचारलं तर "बसत असेल" असं उत्तर येतं, त्याचं काही करता येत नाही.

परदेशी पैसा आणि पुणेकर हा तसा जुना विषय. पुण्याच्या दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांचा "पॉव्हर्टी इन इंडिया" हा अभ्यास १९७१ चा, देशात गरीब किती हे कॅलरीवरून मोजून सांगणारा, त्याला पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता. आणि त्याच्या आधी पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० ला उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीवर, तिथे गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याला नक्की काय फायदा झाला ते गावोगाव फिरून मोजलं, १९४८ चा रिपोर्ट आहे. तेव्हा ना कुणी अॅफिलिएट होतं ना ट्वेल्व्ह-बी. देणगी देणारा सातारचा, काम नगरच्या कालव्यांवर. आज साखर कारखानदार इंजिनिअरिंग कॉलेज काढतात, रिसर्च फंड काढायचं एकालाही सुचत नाही.

विकसनशील देशातल्यांसाठीच असलेल्या दोन जागा पटकन सांगते. जीडीएन (ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्क), १९९९ ला वर्ल्ड बँकेने सुरू केलेलं आणि मुख्यालय चक्क दिल्लीत, त्यांच्या पुरस्कार स्पर्धांना विकसनशील देशातले संशोधक हीच अट असते, म्हणजे इथे हार्वर्डवाला पार्टनर नसला तरी अडत नाही. दुसरं पीईपी (पार्टनरशिप फॉर इकॉनॉमिक पॉलिसी), नैरोबीचं, तिथे टीमने अर्ज करायचा, सगळे विकसनशील देशात राहणारे, आणि टीममधे निम्म्या तरी बायका हव्यात. आमच्या स्टाफरूममधे ही अट वाचून दाखवली तेव्हा एक सर म्हणाले हा आमच्यावर अन्याय आहे. आम्ही खूप हसलो.

पीएचडी करणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्या. जेआरएफ म्हणजे नेटवरून मिळणारी फेलोशिप असेल (२०२३ पासून महिना सदतीस हजार), राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योतीची फेलोशिप असेल, आयसीएसएसआरची डॉक्टोरल फेलोशिप असेल, हे सगळे तुमच्या जगण्याचे पैसे आहेत. त्याला लागणारी पात्रता वेगळी, तिथे नेट, जात प्रवर्ग, वय, नोंदणीची तारीख असलं बघतात. सहाशे घरांचा सर्वे करायचा पैसा त्यात नसतो. फेलोशिप चालू असताना सर्वेसाठी वेगळी छोटी ग्रांट घेता येते का हे फेलोशिप देणाऱ्याच्या नियमात बघा, बऱ्याच ठिकाणी दुसरं मानधन चालत नाही पण फील्डखर्च चालतो, आणि तो शब्द अर्जात नीट वापरावा लागतो.

आणि कॉलेजच्या मास्तरांसाठी, ज्यांना मोठ्या प्रोजेक्टची यातायात नको, त्यांना आरबीआयची एक योजना फार कमी लोकांना माहीत आहे. यूजीसीमान्य कॉलेज-विद्यापीठात इकॉनॉमिक्स किंवा फायनान्स शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक, वय पंचावन्नच्या आत, तीन महिन्यांचा छोटा अभ्यास, आणि आरबीआयच्या रिसर्चवाल्यांबरोबर बसायला मिळतं. इथे पैसा थेट तुमच्या नावाने असल्यामुळे संस्थेच्या खात्याचा झमेला फारसा नाही. जागा मोजक्याच, पण अर्ज पण आपल्याकडून कमीच जातात. पूर्णवेळ हा शब्द इथेही आहे, म्हणजे सीएचबीवाले परत बाहेर. नाबार्डचा पण रिसर्च फंड आहे, शेती आणि ग्रामीण विषयासाठी, तो संस्थेला मिळतो.

सीएचबीवाल्यांनी मग करायचं काय, हे मला सारखं विचारतात. सध्या तरी मला दोनच वाटा दिसतात. एक, रेग्युलर सहकाऱ्याच्या प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट म्हणून रीतसर पगारी नेमणूक, आणि सुरुवातीलाच ईमेलवर लिहून घ्यायचं की पेपरवर दुसरं नाव आपलं. तोंडी नाही, ईमेलवर. सर कितीही देवमाणूस असले तरी. दुसरी, पीईपी-आयजीसीसारख्या ठिकाणी जिथे नेमणुकीचा प्रकार विचारत नाहीत, फक्त कुठल्यातरी संस्थेची साथ मागतात, तिथे टीम करून जायचं आणि पैसा घ्यायला एफसीआरए असलेली संस्था आधी गाठायची, प्रपोजल नंतर लिहायचं. आमच्या दोन मुली सध्या हेच करतायत, विषय आहे ऊसतोडीला गेलेल्या घरांमधल्या मुलींच्या शाळेचा, प्रपोजल अर्धं झालंय, संस्थेचं होय-नाही अजून यायचंय. विश्वस्तांची बैठक दिवाळीनंतर आहे म्हणे.